दरवर्षी पुलावर मरणारा मोरिओ

मोरिओ कुसाका आमच्या तानिओरी गावात दरवर्षी एकदा मरायचा. मरायची जागा ठरलेली, नदीवरचा दगडी पूल. मारणाराही ठरलेला, साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या कारखान्याचा मालक अराकिदा. उरलेलं वर्षभर मोरिओ घरोघरच्या संडासाच्या टाक्या उपसायची गाडी चालवायचा. ही दोन्ही कामं त्याने तरुणपणापासून इमानदारीत केली, आणि एकाबद्दलही गावाने त्याचे कधी धड आभार मानले नाहीत. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

मी हारुनो. पुलाच्या अलीकडे माझी नूडल्सची खानावळ आहे, त्यामुळे गावात कोण कुणाशी बोलत नाही हे मला आधी कळतं.

तर, आमच्या गावात इतिहासाची मिरवणूक निघते. आजोबांच्या काळी डोंगरातून बोगदा झाला, शहरातले लोक येऊ लागले, आणि ते आल्यावर लक्षात आलं की त्यांना दाखवायला गावात काहीच नाही. किल्ला नाही, गरम पाण्याचा झरा नाही, एखादा भुताचा वाडासुद्धा नाही. मग कुणीतरी म्हणालं, आपण अख्खा जपानच दाखवू, अगदी पहिल्यापासून. घराघराला चिठ्ठ्या टाकून काळ वाटून दिले. ज्याला जो काळ आला तो त्याच्या नातवंडांनाही सुटला नाही.

सगळ्यात पुढे कातडी गुंडाळलेले, मडकी धरलेले आदिमानव. ते घर पोस्टमास्तरांचं. त्यांच्या मागे भाताची रोपं घेतलेले, मग समुद्रापलीकडून बुद्धाची मूर्ती आणणारे भिक्षू, मग एकावर एक झगे चढवून कविता करण्यापलीकडे काहीही न करणारे दरबारी लोक. मग एकमेकांची डोकी उडवणारे योद्धे. मग लांबलचक शांतता, जिच्यात फक्त सारा वाढतो. मग अमेरिकेचं काळं जहाज येतं, पुठ्ठ्याचं, बंबवाल्यांच्या खांद्यावरून. ते दरवर्षी तांदळाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर अडकतं आणि मागचा सगळा आधुनिक काळ तिथे खोळंबतो. मग शेंड्या कापून विलायती टोप्या घातलेले साहेब, मग आगगाडी, मग युद्ध. युद्धाला आमच्याकडे पोशाख नाही. तेवढी माणसं घरच्या कपड्यांत, ढोल बंद ठेवून, खाली मान घालून चालतात. तिथे कुणी थट्टा करत नाही, मीसुद्धा नाही. त्यांच्या मागून आम्ही येतो, भरभराटीच्या काळातल्या गृहिणी, हातात विजेचा राइस कुकर घेऊन. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी कुकर धरते आहे. भरभराट केव्हाच सरली, माझे गुडघेही गेले, कुकर तेवढा हातात राहिला.

चिठ्ठ्यांमध्ये अराकिदांना आला जिंकणारा सरदार आणि कुसाकांना हरणारा. आता नशिबानेही थोडी लाज बाळगायला हवी होती. अराकिदा गावातले श्रीमंत, त्यांना घोडा आणि चिलखत. कुसाका नदीकाठचे, त्यांना विस्कटलेले केस आणि खांद्यात बाण. पुलावर दोघांची गाठ पडते, बांबूची तलवार फिरते, आणि कुसाकांच्या घरचा माणूस आडवा होतो. मागून येणारी सगळी मिरवणूक त्याच्या अंगावरून नसली तरी कानाजवळून जाते. त्याने उठायचं नाही. मोरिओने जपानचा अर्धा इतिहास पायांवरून पाहिला. गवती चपला, लाकडी खडावा, लष्करी बूट, आणि माझे दरवर्षी त्याच्या केसांत अडकणारे सँडल.

"हारुनोवहिनी, जरा बाजूने चला," तो मेलेल्या तोंडाने पुटपुटायचा.

"मेलेल्यांनी बोलू नये," मी म्हणायचे.

मेलेला उठतो तो अगदी शेवटी. मिरवणुकीच्या टोकाला 'आज' येतो, म्हणजे गेल्या मिरवणुकीनंतर गावात जन्मलेली बाळं, आयांच्या पाठीवर. पहिल्या बाळाचा उघडा पाय मेलेल्याच्या छातीला लावतात. पाय मात्र जमिनीला कधी न टेकलेला हवा. एकदा पाय टेकला की माणूस आपल्या कामाला लागतो, तो मेलेल्याला काय उठवणार? पाय लागला की मेलेला डोळे मिटूनच विचारतो, "कुणाच्या घरचं?" आई घराण्याचं नाव सांगते, सगळा पूल ते नाव ओरडतो, मग मेलेला उठतो आणि बाळाला उचलून देवळापर्यंत नेतो. देवळाच्या दारात बाळ आईला परत.

मोरिओने अशी गावातली निम्मी तरुण पिढी उचलली आहे. माझा मुलगा त्याच्या अंगावर ओकला होता. अराकिदांच्या मुलीने त्याची दाढी उपटली होती. कुसाका हे नाव मात्र त्या पुलावर कधी ओरडलं गेलं नाही. मोरिओ आणि त्याच्या बायकोला, मित्सुएला, मूल झालं नाही. त्यावर गावाने जे काय बोलायचं ते एकेकाळी पोटभर बोलून घेतलं, मग विषय शिळा झाला आणि सगळे गप्प बसले. मित्सुए मिरवणुकीत नसायची. पुलाच्या टोकाला घडीचं स्टूल टाकून, गरम चहाचा थर्मास मांडीवर धरून नवरा उठायची वाट बघायची. घरी गेल्यावर त्याचे ते घामट, लाळेने भिजलेले कपडे ती त्या दिवशी धूत नसे. मी एकदा नाक मुरडलं तर म्हणाली, "राहू दे गं एक दिवस. उद्या धुते." मला कळायला वेळ लागला की त्या कपड्यांना बाळाचा वास असायचा.

गेल्या वसंतात मित्सुएला साठ वर्षं पूर्ण झाली. आमच्याकडे साठीला वर्षांच्या राशींचं चाक फिरून जन्मसालावर येतं, माणूस पुन्हा बाळ होतो, म्हणून लाल बंडी आणि लाल टोपी द्यायची. मोरिओने आपल्या साठीची बंडी महिनाभर घातली होती, टाकी उपसतानासुद्धा. आम्ही बायकांनी मित्सुएसाठी चांगली जाड, अस्तर लावून शिवली आणि माझ्याच खानावळीत तिच्यापुढे ठेवली.

"हे काय?" ती म्हणाली.

"साठी! आता तू बाळ झालीस."

"बाळ?" तिने बंडी उचलून पाहिली. "ज्या घरात बाळ आलं नाही त्या घरात हे घेऊन येता? शिवताना कुणाच्या डोक्यात नाही आलं?"

खरंच नाही आलं. अस्तराच्या रंगावरून आम्ही दोन दिवस भांडलो होतो, पण हे कुणाला सुचलं नाही. मला इतकी शरम वाटली की त्या दिवशी मी कुणाकडून नूडल्सचे पैसे घेतले नाहीत. मित्सुएने बंडी काखोटीला मारली आणि गेली. पुढे मी मिरवणुकीसाठी तिचा कुकर मागायला गेले, कारण एका बटणाचा जुना कुकर आता तिच्याकडेच उरला आहे, तर कुकरला लाल बंडी चढवलेली. बाह्या आत खोचून, गळ्याची नाडी आवळून, बेतशीर झाकण. टोपी कुकरच्या आत, गरम भांडं धरायला.

"धुळीला बरी आहे," ती म्हणाली. मी बंडीसकट कुकर उचलला.

त्याच आठवड्यात मोरिओ खानावळीत नूडल्स भुरकत म्हणाला, "यंदा शेवटचं मरण. डॉक्टर म्हणतो, पुन्हा थंड दगडावर झोपलास तर मी नाही उठवणार. पुढच्या वर्षीपासून मी जिवंत राहणार."

अराकिदा शेजारच्या टेबलावर होते. मिरवणुकीचे अध्यक्षही तेच. "मग मी मारायचं कुणाला?"

"तुमचं तुम्ही बघा. एवढी वर्षं मारलंत, पोट नाही भरलं?"

"तसं नाही रे. कुसाकांच्यात पुढे कुणी..." एवढं बोलून अराकिदांनी त्या टेबलाकडे पाहिलं. मित्सुए मोरिओच्या शेजारीच बसली होती. तिच्या काड्या वाटीत थांबल्या, मग पुन्हा चालू झाल्या.

"कुणी नाही," मोरिओ स्वतःच म्हणाला. "म्हणून यंदा नीट मारा. आणि मला नीट उठवा. एवढंच मागणं आहे."

उठवायला यंदा गावात बाळ एकच. शहरातून पाव भाजायला आलेलं एक जोडपं रिकाम्या घरात राहिलं होतं, त्यांचा रिंतो. बाई नात्सुमे, हसरी पोरगी. मिरवणूक जवळ आली तसा हा रिंतो टेबलाला धरून उभा राहायला बघू लागला, आणि एकुलतं बाळ पाय टेकणार म्हणून गावाची धावपळ उडाली. मग जे सुरू झालं ते सांगायलाही हसू येतं. अख्खं गाव एका मुलाला चालू न देण्याच्या मागे लागलं. अराकिदांनी मऊ टोपली धाडली. पोस्टमास्तर पत्रं वाटता वाटता त्याला पाठीवर घेऊन फिरू लागले. माझ्या खानावळीत तो कायम कुणाच्या तरी मांडीवर.

"काकू, हा आता मला लाथा मारतो," नात्सुमे म्हणाली. "याला वाटतं जमीन म्हणजे काहीतरी चोरून खायची वस्तू आहे."

"थोडे दिवस कळ काढ," मी म्हणाले. "मग पळू दे त्याला कुठे पळायचं ते."

मिरवणुकीचा दिवस थंडगार निघाला. अराकिदांनी मोरिओला चांगलं मारलं. मोरिओ असा काही कोसळला की पाहुण्यांपैकी एका बाईने किंकाळी फोडली. आदिमानव, भिक्षू, दरबारी आधीच देवळाकडे गेले होते. काळं जहाज कोपऱ्यावर अडकलं, निघालं. युद्ध शांतपणे पुलावरून गेलं. मी कुकर घेऊन पुलावर चढले, मोरिओचे केस या वेळी आठवणीने चुकवले, आणि मागे वळून पाहिलं.

नात्सुमेच्या पाठीवरची झोळी सुटली होती. गाठ मारायला तिने रिंतोला पुलाच्या तोंडाशी क्षणभर खाली ठेवलं. तेवढ्यात युद्धासाठी बंद केलेले ढोल पुन्हा वाजले. रिंतो उठला, ढोलाकडे तोंड केलं आणि चालू लागला. हात वर, पोट पुढे, एक, दोन, तीन पावलं, धप्प.

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी! मी कुकर काखेत धरून वाजवल्या. मूल पहिल्यांदा चाललं तर माणूस दुसरं काय करणार? टाळ्या संपल्यावर एकेकाचा चेहरा उतरत गेला. नात्सुमे तोंडावर हात धरून रडायलाच लागली.

मिरवणूक थांबली. बातमी पुढे पुढे जात देवळापर्यंत पोचली, आणि थोड्या वेळाने अराकिदा चिलखत खडखडवत उलटे धावत आले. आगगाडी, साहेब, जहाज, सगळं ओलांडून आपण मारलेल्या माणसापाशी उभे राहून धापा टाकू लागले.

"मोरिओ, ऊठ. त्याचाच पाय लावतो."

"चाललं का ते?" मोरिओने डोळे न उघडता विचारलं.

"तीन पावलं."

"मग जाऊ दे त्याला चालत देवळात. मी मेलोय."

"अरे, पाहुणे थांबलेत! फोटोवाले आलेत! बाहुली आणू का?"

"बाहुली तुमच्या छातीवर ठेवा."

लोक हसले. अराकिदांना घाम फुटला. मोरिओ हळू आवाजात म्हणाला, पण मी त्याच्या डोक्याशीच उभी होते, "एवढी वर्षं खरा मेलो आणि खरा उठलो, अराकिदा. शेवटच्या वेळी खोटा उठून घरी कसा जाऊ? लोकांची मुलं छातीला लागली तेवढंच आमचं. त्यात तरी फसवाफसवी नको."

वारा सुटला होता. मोरिओचे ओठ निळे पडायला लागले होते आणि तो दगडावरून हलायला तयार नव्हता. मला त्याचा राग आला, आणि माझ्या टाळ्यांचाही.

"हारुनो," पुलाच्या टोकावरून मित्सुएचा आवाज आला. "तो कुकर इकडे आण."

"आता भात लावतेस की काय?"

"आण म्हटलं ना!"

मी नेला. तिने थर्मास खाली ठेवला, बूट काढले, मोजे काढले, आणि स्टुलावर पाय वर घेऊन बसली. मग नाडी सोडून कुकरवरची बंडी उतरवली आणि कोटावरून अंगात घातली. कुकर उघडून टोपी काढली, तिला चिकटलेलं भाताचं शीत नखाने काढलं, आणि ती डोक्यावर चढवली.

"घ्या," ती म्हणाली. "यंदाचं बाळ."

अराकिदा आधी हसले, मग तिचा चेहरा पाहून थांबले. "वहिनी, बाकी सगळं ठीक आहे. पण तुमचे पाय साठ वर्षं जमिनीवर आहेत."

"ते मागच्या खेपेला. ही बंडी मी आत्ता घातली. घातल्यापासून पाय टेकलाय का? बघा." तिने दोन्ही पाय हवेत उचलून दाखवले. थंडीने बोटं लाल झाली होती.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. काय खोळंबा झाला ते पाहायला पोस्टमास्तर कातडी सावरत परत आले होते. त्यांनी मडकं खाली ठेवलं, विचार केला आणि मान डोलावली. आदिमानवापेक्षा जुनं आमच्यात कुणी नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला.

"पण मी चालत जायची नाही," मित्सुए म्हणाली. "बाळाला पाठीवर नेतात."

मग सगळे अराकिदांकडे बघू लागले. त्यांनी शिरस्त्राण काढून पोस्टमास्तरांच्या हातात दिलं, गुडघे टेकले आणि पाठ पुढे केली. मित्सुए चढली. जिंकणारा सरदार टाकी उपसणाऱ्याच्या बायकोला पाठीवर घेऊन पुलावर निघाला तेव्हा त्याच्या चिलखताची एकेक पट्टी कण्हत होती.

"जड आहात हो वहिनी."

"साठ वर्षं पोसलंय. पाडू नका, नाहीतर सगळं वाया."

पाहुणे पोट धरून हसत होते. आम्ही गावातले हसत नव्हतो. अराकिदांनी मोरिओजवळ जाऊन एक गुडघा टेकला, आणि मित्सुएने उजवा पाय लांब करून त्याच्या छातीवर ठेवला.

मोरिओला सगळं ऐकू गेलं होतं, तो काही बहिरा नाही. तरी त्याने डोळे उघडले नाहीत. मग त्याने विचारलं, दरवर्षी विचारायचा तसंच, मोठ्याने, "कुणाच्या घरचं?"

मित्सुएने अराकिदांच्या खांद्याला घट्ट धरलं.

"कुसाकांच्या," ती म्हणाली.

"कुसाका!" आम्ही ओरडलो. नात्सुमे रडत रडत सगळ्यांत मोठ्याने ओरडली. अराकिदा पाठीवर ओझं घेऊन ओरडले. माझा तर आवाजच फाटला.

मोरिओ उठून बसला. दोन्ही हात पुढे करून तो मित्सुएला उचलायला गेला, आणि पाठ धरून तिथेच वाकडा झाला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मला चालता येतं."

ती अराकिदांच्या पाठीवरून उतरली. मोरिओने तिचा हात धरला. तिने उघडा पाय दगडावर ठेवला, मग दुसरा, आणि दोन पावलं टाकली. रिंतोने टाळ्या वाजवल्या. त्याच्या मागून आम्हीही वाजवल्या.

मिरवणूक देवळात पोचली. मी त्या दोघांच्या मागेच होते, एका हातात उघडा कुकर, दुसऱ्या हातात मित्सुएचे बूट. दारात मोरिओ सवयीने थांबला. इथे मूल परत करायचं असतं. तो गर्दीत इकडेतिकडे पाहू लागला, दरवर्षी बाळाची आई शोधायचा तसा.

"काय बघताय?" मित्सुए म्हणाली. "चला घरी. पाय गारठले माझे."